कुलूप कपाटाला, किल्ली कोणाकडे?

अँटिबायोटिकची किंवा झोपेच्या गोळ्यांची पट्टी उलटी करून पाहिली, तर छापील मजकुराच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक खूण सापडते. कधी साधं ‘आरएक्स’, कधी तेच लाल अक्षरांत आणि सोबत लाल चौकटीतला इशारा, कधी ‘एनआरएक्स’, आणि फारच क्वचित ‘एक्सआरएक्स’. या खुणा गिऱ्हाइकासाठी कमी आणि काउंटरच्या पलीकडच्या माणसासाठी जास्त आहेत. पहिली खूण शेड्यूल एचची. चिठ्ठीशिवाय औषध द्यायचं नाही, एवढंच ती सांगते. लाल चौकट म्हणजे शेड्यूल एच-वन. तिथे चिठ्ठी तर हवीच, शिवाय डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. ‘एन’ जोडलेला दिसला तर औषध अमली पदार्थांच्या कायद्याच्याही कक्षेत येतं. ‘एक्स’ असेल तर चिठ्ठी दोन प्रतींत घ्यायची, एक प्रत दुकानात दोन वर्षं ठेवायची आणि माल कुलूपबंद कपाटात.

एवढा बंदोबस्त ज्याच्या भरवशावर केला, तो फार्मासिस्ट मात्र अनेकदा दुकानात नसतोच. त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं.

या विसंगतीकडे आपण ‘चालायचंच’ म्हणून पाहतो. पण तिच्यामुळे दोन उलट गोष्टी एकाच वेळी घडतात. कर्करोगाने तळमळणाऱ्या माणसाला मॉर्फिन मिळत नाही, आणि अठरा वर्षांच्या पोराला नशेच्या गोळ्या मिळतात. एक कडक कायद्यामुळे आणि दुसरी ढिल्या अंमलबजावणीमुळे, असं साधारण समजलं जातं. खरं तर दोन्हींचं मूळ एकच आहे. औषधांवरचं नियंत्रण म्हणजे नोंद आणि धाक, असं धरून आपले कायदे बांधले गेले. नोंद ठेवणाऱ्याच्या शिक्षणाला आणि विवेकाला त्यांत जागाच ठेवली नाही.

सुरुवात अशी नव्हती. 1930 साली इंग्रज सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, ती बाजारातल्या भेसळीच्या आणि बनावट औषधांच्या बोभाट्यामुळे. हिवतापाने माणसं मरत होती आणि क्विनाइनच्या नावाखाली भलतंच विकलं जात होतं. त्या समितीच्या अहवालातून 1940 चा औषध कायदा आला, 1945 चे नियम आले, आणि स्वातंत्र्यानंतर लगेच, 1948 मध्ये, फार्मसी कायदा. त्याचं कलम 42 स्पष्ट आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं, दुसऱ्या कोणी दिलं तर गुन्हा. मूळ कायद्यात त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होता. 1948 साली हजार रुपये ही रक्कम लहान नव्हती.

राज्यघटनेत ‘औषधे आणि विषे’ हा विषय समवर्ती सूचीत आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की कायदा दिल्लीत होतो आणि पाळून घ्यायचा मुंबईत, नाशकात, लातुरात. दुकानाचं लायसन्स अन्न व औषध प्रशासनाचं, म्हणजे एफडीएचं. फार्मासिस्टची नोंदणी राज्य फार्मसी कौन्सिलकडे. अमली पदार्थ म्हटलं की पोलीसही आले. तीन दारांवर तीन पहारेकरी. दुकानात फार्मासिस्ट नसणं यांतल्या नेमक्या कोणाच्या डोळ्यांत खुपायला हवं, हे ठरलेलं नसल्यामुळे ते कोणाच्याच खुपत नाही.

एकदा मात्र खुपलं. महेश झगडे राज्याच्या एफडीएचे आयुक्त असताना, 2012-13 च्या सुमारास, त्यांनी नवा नियम काहीच आणला नाही. जुनाच वाचून दाखवला. फार्मासिस्ट हजर नसेल तर दुकानात औषध विकायचं नाही, बिल फाडायचं, चिठ्ठी बघायची. धडाधड परवाने निलंबित झाले. त्यावर केमिस्टांच्या संघटना बंदवर गेल्या, मोर्चे निघाले. फार्मासिस्ट मिळत नाहीत, ही त्यांची एक तक्रार होती. ज्या राज्यात साखर कारखान्यांनंतर फार्मसी कॉलेजांचंच पीक सर्वांत जोमात आलं, तिथे ही तक्रार ऐकून हसू येतं. पण तक्रारीमागचं अर्थकारण हसण्यासारखं नव्हतं. दोन वर्षांची पदविका घेतलेल्या मुलाला दिवसभर दुकानात उभं करायचं तर पगार द्यावा लागतो. नुसतं प्रमाणपत्र टांगायला घ्यायचं तर महिन्याला त्यापेक्षा कितीतरी कमी पैशांत काम भागतं. दोघांच्याही सोयीचा सौदा. मुलगा दिवसा औषध कंपनीत नोकरी करतो आणि दुकानात काउंटरवरचा पोऱ्या वर्षा-दोन वर्षांत ‘डॉक्टर’ होतो.

फार्मासिस्ट दुकानात असला, तरी कायदा त्याला काय करू देतो? चिठ्ठीत लिहिलेलं शेड्यूल एचचं औषध नसेल तर त्याच रसायनाचं दुसऱ्या कंपनीचं औषधही त्याने स्वतःच्या अधिकारात द्यायचं नाही, असं 1945 च्या नियमांतलं 65 (11-अ) सांगतं. औषध दिल्यावर त्याने चिठ्ठीवर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची, म्हणजे तीच चिठ्ठी घेऊन माणूस पुढच्या दुकानात जाणार नाही. डॉक्टरने तसं लिहिलं नसेल तर त्या चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषधही द्यायचं नाही. नियम शहाणा आहे. पण वाचकांपैकी किती जणांच्या चिठ्ठीवर असा शिक्का पडला आहे? वर्षानुवर्षं त्याच मळक्या, घडी फाटलेल्या कागदावर रक्तदाबाच्या गोळ्या आणणारी माणसं घरोघर आहेत. रक्तदाबाच्या गोळीला ते खपून जातं. झोपेच्या गोळीलाही तोच कागद चालतो, तिथे गोष्ट बदलते. तपासणीला आलेला ड्रग इन्स्पेक्टर काय बघतो? वही भरली आहे का, बिलं जुळतात का. वही रात्री बसूनही भरता येते.

आता मॉर्फिनकडे.

भारतात अफू कायदेशीरपणे पिकते. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर भागात, राजस्थानात आणि उत्तर प्रदेशात, सरकारच्या परवान्याने. बोंडाला चिरा पाडून गोळा केलेला चीक नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जातो. औषधांसाठी अफूचा चीक कायदेशीरपणे निर्यात करणारा भारत हा एकमेव देश आहे. एकोणिसाव्या शतकात हीच माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जायची, आणि शहरातल्या काही नामांकित दानशूर घराण्यांच्या संपत्तीत तिचा वाटा होता. ते असो. मुद्दा असा की जगाच्या वेदनाशमनाला कच्चा माल पुरवणाऱ्या देशात 14 नोव्हेंबर 1985 रोजी अमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला, आणि पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर वर्षाला 573 किलोंवरून 18 किलोंवर आला. सत्त्याण्णव टक्के घट. एवढ्या काळात वेदना मात्र कमी झाल्या नव्हत्या.

कायद्याने मॉर्फिनवर बंदी घातली नव्हती. त्यात वैद्यकीय वापराला मोकळीक होती. पण शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होत होती, आणि कारकुनी चूक नि तस्करी यांतला फरक सांगणारं कायद्यात फारसं काही नव्हतं. प्रत्येक राज्याने आपापले नियम केले. एकाच गोळीसाठी बाळगण्याचा, आणण्याचा, वाहतुकीचा असे वेगवेगळे परवाने, तेही उत्पादन शुल्क आणि औषध खात्याकडून, आणि सगळ्यांच्या मुदती एकाच वेळी चालू हव्यात. एक हाती येईपर्यंत दुसरा संपलेला. केमिस्टांनी त्यावर व्यवहारी माणसाने करावं तेच केलं. मॉर्फिन ठेवणंच बंद केलं. दुकानात नाही म्हणून डॉक्टर लिहीनात. डॉक्टर लिहीत नाहीत म्हणून दुकानदार ठेवीनात. डॉक्टरांच्या दोन पिढ्या एकदाही मॉर्फिन न लिहिता घडल्या. त्यांना ते औषध आता पुस्तकातलं आणि पोलिसांचं वाटतं.

ही कोंडी फोडायला सुरुवात झाली ती कोझिकोडहून. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये तिथे वेदनाशमनाची संस्था उभी केली. त्यांच्या कामातला एक आकडा या सगळ्या वादात फार महत्त्वाचा आहे. दोन वर्षांत 1723 रुग्णांना तोंडाने घ्यायचं मॉर्फिन बाह्यरुग्ण म्हणून किंवा घरी दिलं गेलं. औषध भलत्याच हातात गेल्याचा एकही प्रकार आढळला नाही. 2001 साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं. या रुग्णांच्या गोळ्या त्यांच्या घरातच असायच्या. तिजोरी नव्हती. औषध कोणाला दिलं आणि का दिलं, हे माहीत असलेली नर्स, डॉक्टर आणि स्वयंसेवक होते. तेवढं पुरलं.

1998 मध्ये केंद्राने राज्यांना सोपे नियम करायला सांगितलं. थोड्यांनी केले, बाकीच्यांनी कागद फायलीला लावला. शेवटी 2014 मध्ये संसदेने कायदाच दुरुस्त केला, आणि 2015 च्या मे महिन्यात मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरवून देशभर एकच नियम आणले. मान्यता देण्याचा अधिकार राज्याच्या औषध नियंत्रकाकडे आला. मुंबईत टाटा मेमोरियल आहे, वांद्र्याला 1986 पासून चालणारं शांती आवेदना सदन आहे, पुण्यात उपशामक सेवेची केंद्रं आहेत. तिथवर पोचलेल्याची सोय होते. पण तालुक्याच्या गावी, बाजारपेठेतल्या मेडिकलमध्ये मॉर्फिनची गोळी मिळणं आजही दुर्मीळच. नियम बदलले, तरी तीस वर्षांचा धाक एका अधिसूचनेने जात नाही.

त्याच बाजारपेठेत दुसरं काय मिळतं? छत्रपती संभाजीनगरात त्याला ‘बटन’ म्हणतात, मालेगावात ‘कुत्ता गोली’. नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम. चिंता आणि निद्रानाशाची जुनी, उपयोगी, स्वस्त औषधं. त्यांच्यावर सगळे नियम लागू आहेत, लाल चौकट आहे, वही आहे, अमली पदार्थांचा कायदा आहे. तरी ती कच्च्या बिलावर होलसेलरकडून निघतात आणि पानटपरीपर्यंत पोचतात. खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधाच्या बाटल्यांचीही हीच गत.

या औषधांबाबत कायद्याचं गणित समजून घेण्यासारखं आहे. अल्प्राझोलामची ‘अल्प’ मात्रा 5 ग्रॅमपर्यंत, ‘व्यावसायिक’ मात्रा 100 ग्रॅमच्या पुढे. गोळीत औषध असतं अर्धा मिलिग्रॅम. शुद्ध औषधाच्या हिशेबाने 5 ग्रॅम व्हायला दहा हजार गोळ्या लागतात. पण सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हीरा सिंग खटल्यात सांगितलं की वजन अख्ख्या मिश्रणाचं धरायचं, त्यात खडूसारखी भर असली तरी. एका गोळीचं वजन शंभर मिलिग्रॅम धरलं तर पन्नास गोळ्यांतच 5 ग्रॅम होतात, आणि हजार गोळ्या ओलांडल्या की किमान दहा वर्षं आणि जामीन जवळजवळ अशक्य. कोडीनची व्यावसायिक मात्रा एक किलो. खोकल्याच्या शंभर मिलिलिटरच्या दहा बाटल्या त्याच घरात जाऊन बसतात. लायसन्स आणि बिल असेल तोवर हा कायदेशीर साठा. बिल हरवलं, तर तोच माल तस्कराचा. तस्कर बिलाच्या भानगडीत पडतच नाही, त्यामुळे या टांगत्या तलवारीची भीती प्रामाणिक दुकानदाराला जास्त वाटते. एप्रिल 2018 मध्ये ट्रामाडोल या वेदनाशामकाचा समावेश अमली पदार्थांच्या यादीत झाला, तेव्हा अनेकांनी वाद नको म्हणून ते कपाटातूनच काढलं. हाच न्याय गर्भपाताच्या गोळ्यांना लागला. स्त्रीभ्रूणहत्येविरुद्धच्या 2011-12 मधल्या मोहिमेत एफडीएने त्यांच्या विक्रीची कसून छाननी केली, आणि राज्यातल्या बहुसंख्य केमिस्टांनी त्या ठेवणंच सोडून दिलं. लिंगनिदान सोनोग्राफीच्या खोलीत होतं. त्याचा भुर्दंड पडला तो आठव्या आठवड्यात कायदेशीर गोळी शोधणाऱ्या बाईला.

याद्या वाढवून भागत नाही, याचं ताजं उदाहरण मेफेनटर्मिन. शस्त्रक्रियेत भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब घसरला तर वापरायचं हे इंजेक्शन. गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या जिममध्ये ते व्यायामाची ‘ताकद’ म्हणून टोचलं जाऊ लागलं आणि पोलिसांना धरपकड करावी लागली. यादी नेहमी प्रसंगाच्या मागून धावते. विशीतला धडधाकट तरुण भूलतज्ज्ञाच्या कपाटातलं इंजेक्शन मागतो, हे विचित्र आहे, एवढं समजायला अधिसूचना लागत नाही. औषधशास्त्र शिकलेला माणूस काउंटरवर लागतो, आणि ‘नाही’ म्हणण्याची त्याला मुभा लागते.

अमेरिकेत ही मुभा कायद्यानेच दिली आहे, खरं तर लादली आहे. तिथल्या 1970 च्या कायद्याखालचा नियम सांगतो की नियंत्रित औषध योग्य कारणासाठी लिहिण्याची जबाबदारी डॉक्टरची, पण ते देणाऱ्या फार्मासिस्टवरही तशीच जबाबदारी आहे. चिठ्ठी खोटी किंवा उपचाराशी संबंध नसलेली वाटली, तर ती परत करणं हे त्याचं कर्तव्य. फार्मसीचे कायदे राज्यागणिक वेगळे, म्हणून बहुतेक राज्यांत औषधशास्त्राच्या परीक्षेखेरीज कायद्याचीही परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या कितीतरी बी. फार्म. झालेल्यांची वाट 2003 नंतर अडली, कारण तिथे पाच वर्षांचा अभ्यासक्रम मागतात आणि आपला चार वर्षांचा. आपल्याकडे त्याच कामाला दोन वर्षांची पदविका पुरते.

पण अमेरिकेचा धडा गोड नाही. वेस्ट व्हर्जिनियात केर्मिट नावाचं चारशे वस्तीचं गाव आहे. तिथल्या एका दुकानात दोन वर्षांत हायड्रोकोडोनच्या जवळपास 90 लाख गोळ्या आल्या. फार्मासिस्ट हजर होता, शिकलेला होता, नोंदीही होत्या. 2021 मध्ये ओहायोतल्या ज्यूरीने तीन बड्या साखळी दुकानांना अशा गोळ्यांच्या व्यसनाच्या साथीसाठी जबाबदार धरलं. पुढे 2024 च्या अखेरीस राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या दाव्याचा कायदेशीर पायाच नाकारला. म्हणजे विवेक सोपवला की प्रश्न सुटला, असं मुळीच नाही. जो गोळीमागे कमावतो त्याच्याकडून गोळी नाकारण्याची अपेक्षा करणं भाबडेपणाचं आहे.

म्हणूनच महाराष्ट्रातला भाड्याच्या प्रमाणपत्राचा धंदा सर्वांत घातक. त्यात फार्मासिस्टला हजेरी नाही आणि मालकापासून स्वातंत्र्यही नाही. नशेच्या औषधांचा बंदोबस्त म्हणून काही जिल्ह्यांत दुकानांना सीसीटीव्ही लावायला सांगितलं गेलं. कॅमेरा गिऱ्हाईक टिपतो. आतला माणूस कोण आहे हे तो विचारत नाही.

करण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत, फक्त गैरसोयीच्या आहेत. एका फार्मासिस्टचं नाव एकाच दुकानाला आणि तेही त्याच्या रोजच्या हजेरीशी जोडता येईल. आज हे मोबाइलवर होतं. गैरहजेरीचा फटका मालकाच्या लायसन्सइतकाच फार्मासिस्टच्या नोंदणीला बसायला हवा. चिठ्ठी नाकारण्याचा अधिकार लेखी हवा, आणि नाकारल्याची नोंदही इन्स्पेक्टरने विक्रीच्या नोंदीइतकीच गंभीरपणे पाहावी. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने 2003 मध्ये दोनशे दुकानांमागे एक इन्स्पेक्टर असावा असं सुचवलं होतं. त्या शिफारशीकडे पुन्हा वळायला हवं. प्रत्येक तालुक्यात निदान एका दुकानातल्या फार्मासिस्टला प्रशिक्षण देऊन मॉर्फिन ठेवायला सांगावं, आणि त्याने प्रामाणिकपणे केलेली नोंदीतली चूक हा गुन्हा नसेल, असं सरकारने त्याला लेखी द्यावं.

तोवर वाचकाच्या हातातही एक गोष्ट आहे. औषध दुकानाचा परवाना लोकांना दिसेल अशा जागी लावणं बंधनकारक आहे, आणि दुकानातल्या फार्मासिस्टचं नाव विचारायला कायद्याची परवानगी लागत नाही. पुढच्या वेळी झोपेची गोळी, अँटिबायोटिक किंवा बाळाचं औषध घ्यायला जाल तेव्हा भिंतीवरचं ते नाव वाचा, आणि या नावाचा माणूस आत्ता कुठे आहे, एवढं मोठ्याने विचारा.